अनुदान आले, ग्रामसभा कोठे आहे?

ग्रामविकास हा विषय निबंधाच्या पुस्तकांनी इतका गुळगुळीत करून ठेवला आहे की त्यावर पुन्हा कोणी लिहू लागले तर वाचक पान उलटणार, हे ठरलेलेच. ‘खरा भारत खेड्यात राहतो’ या वाक्याने प्रारंभ आणि ‘तरुणांनी खेड्याकडे वळावे’ या वाक्याने शेवट. या दोन वाक्यांच्या मध्ये एक गोष्ट मात्र हटकून सुटते. ती म्हणजे पैसा. गावाच्या नावाने शासनाचा पैसा येतो. पण तो कोणाच्या विचाराने खर्च होतो? प्रस्तुत लेखात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न आजचा नाही. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात 55 प्रकल्पांनिशी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. हेतू उदात्त होता, पैसाही होता. परंतु 1957 साली बलवंतराय मेहता समितीने या कार्याची तपासणी केली तेव्हा आढळले की, लोकांचा पुढाकार काही जागा झालेला नाही. योजना सरकारची, गाव फक्त लाभार्थी! म्हणून निवडून आलेल्या संस्थांच्या हाती कारभार द्यावा, असे समितीने सुचविले. त्यातूनच 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या उभ्या राहिल्या. पुढे 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले.

काही मंडळी म्हणतात, ‘खेड्यांना अनुदानाची सवय लागली आहे, त्यांनी आपल्या पायांवर उभे राहावे.’ हे बोलणे शहरातल्या डांबरी रस्त्यावर उभे राहून केलेले असते. घरपट्टी आणि पाणीपट्टी यांतून लहानशा ग्रामपंचायतीची दिवाबत्ती भागली तरी पुष्कळ. शिवाय अनुदान ही भीक नव्हे. पंचायतींना पैसा कसा मिळावा याचा विचार वित्त आयोगाने करावा, असे घटनाच सांगते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेली आणि 40 टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावयाची, अशी विभागणी होती. तेव्हा अनुदान असावे की नसावे, हा वादच फोल आहे. खरा वाद त्या 40 टक्क्यांत ‘आपली गरज’ कोणी ठरवायची, हा आहे.

याचे उत्तर देणारी उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे दुष्काळी पट्ट्यातील गाव. 1989 साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेचा पैसा तेथे आला, हे खरे. परंतु तसा पैसा इतरही गावांत गेला. फरक पडला तो गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांमुळे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी ही बंधने कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसतात. पाऊस किती पडला ते मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, कोणते पीक घ्यावयाचे हे तेथे ठरते. बंधारा सरकारी पैशातून बांधता येतो. पण त्यातले पाणी उसाला द्यायचे नाही, हा निर्णय मंत्रालयातून येऊ शकत नाही. 2000-01 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानेही हेच दाखविले. तेथे आधी अनुदान नव्हते. आधी काम आणि मग बक्षीस. तरीही गावेच्या गावे झाडू घेऊन बाहेर पडली.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘गाव’ म्हणजे एकजीव कुटुंब आहे, असे समजून चालणे भाबडेपणाचे ठरेल. गावात बागायतदार आहे तसा भूमिहीन मजूरही आहे. पाटलाचा वाडा आहे तशी वेशीबाहेरची वस्तीही आहे. श्रमदानाचा गौरव करताना आपण विसरतो की मजुराच्या श्रमदानाचा अर्थ बुडालेला रोज असा होतो आणि त्या घामातून वाढलेले पाणी मात्र ज्याची विहीर त्याच्या विहिरीत उतरते. या बाबतीत 1977 चा रोजगार हमी कायदा अधिक प्रामाणिक होता. त्याने काम मागण्याचा हक्क दिला आणि कामाचे दामही दिले. लोकवर्गणीचेही तसेच. पाणीयोजनेच्या खर्चातील 10 टक्के वाटा गावाने उचलावा, म्हणजे योजना आपली वाटेल, ही कल्पना उत्तम. पण तो वाटा ठेकेदारच परस्पर भरतो, अशी कुजबुज अनेक गावांत ऐकू येते. असे घडते तेथे वर्गणीबरोबर आपलेपणाही ठेकेदाराच्या खिशात जातो. मग पंप बिघडला की गाव म्हणते, ‘सरकारने दुरुस्त करावा.’

या सर्वांवर औषध एकच आणि ते कायद्यात आहे: ग्रामसभा. परंतु तिची अवस्था काय? गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते! मूठभर माणसे बसतात, ठराव वाचला जातो, कोऱ्या जागेवर सह्या घेतल्या जातात. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने होणारा वार्षिक आराखडा बहुतेक गावकऱ्यांनी पाहिलेलाही नसतो. मग गटारावर गटार आणि सभामंडपासमोर दुसरा सभामंडप उभा राहिला तर नवल कसले? वस्तीवरच्या बायका पाण्यासाठी चालतच राहतात. कारण त्यांची गरज सांगायला त्या सभेत कोणी नव्हते.

आता आपल्याविषयी. आपल्या महाविद्यालयातील कितीतरी विद्यार्थी रोज एस.टी.ने खेड्यांतून येतात. वयाची 18 वर्षे पूर्ण करून गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव लागले, तो ग्रामसभेचा सभासद आहे. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. वर्गात आपण राज्यशास्त्राच्या पेपरासाठी पंचायत राज्याचे त्रिस्तरीय स्वरूप पाठ करतो आणि 2 ऑक्टोबरला आपल्याच गावची सभा भरते तेव्हा घरी झोपा काढतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस खड्डे खणणे चांगलेच आहे. पण त्यातील एक दिवस दत्तक गावाचा आराखडा वाचण्यात घालवला तर? ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर तो पाहता येतो. त्यात लिहिलेले काम गावात आहे का, ते कोणी मागितले होते, त्याची देखभाल कोण करणार, एवढे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावेत. प्राध्यापकांनी हे काम अर्थशास्त्राचा प्रकल्प म्हणून स्वीकारले तर दुधात साखरच.

अशा प्रश्नांनी काहींचा रोष ओढवेल, हे उघड आहे. वडीलधारी माणसे ‘शिकायला पाठवले की राजकारण करायला?’ असेही विचारतील. परंतु गावचा हिशेब मागणे हे राजकारण असेल, तर सुशिक्षितांनी करावे असे तेवढेच राजकारण उरले आहे. पुढची ग्रामसभा भरेल तेव्हा सह्यांच्या वहीत आपले नाव असावे आणि ते सभेला बसून, ऐकून, मगच लिहिलेले असावे.