भुलीच्या डॉक्टरांचे वर्ष

ऑपरेशन चांगले झाले की आपण पेढे सर्जनला देतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नाव घरात कुणालाही ठाऊक नसते. मलाही नव्हते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आमच्या नालासोपाऱ्याच्या चाळीतील एका मावशींना पित्ताशयातील खड्यांसाठी मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. पहाटेची लोकल, उपाशी पोट, आणि दुपारी निरोप, 'आज होणार नाही, भुलीचे डॉक्टर कमी आहेत.' असे दोनदा झाले. मावशींची धुण्याभांड्याची कामे बुडाली, एक घर कायमचे सुटले.

मी कारकून माणूस. फाईल कुठे अडली ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. चौकशी केली तेव्हा कळले ते असे. अशा रुग्णालयातील भूल विभागाचा बराच भार एम.डी. करणारे निवासी डॉक्टर वाहतात. शिक्षण तीन वर्षांचे. दरवर्षी एक तुकडी शिकून बाहेर पडते, एक नवी येते. नवा डॉक्टर आधी वरिष्ठांच्या शेजारी उभा राहतो. मास्क धरणे, घशातून श्वासनलिकेत नळी घालणे, पाठीच्या कण्यात इंजेक्शन देणे हळूहळू शिकतो. वर्ष सरता सरता त्याचा हात बसतो. विभागाची वर्षाची वाढ म्हणजे ही. आणि त्यांचे काम ऑपरेशन थिएटरपुरते नसते. रात्रीचे सिझेरियन, अपघाताची केस, अतिदक्षता विभाग, सगळीकडे त्यांनाच बोलावणे. करोनात तर व्हेंटिलेटरही त्यांनीच सांभाळले.

त्या वर्षी नवी तुकडी आलीच नव्हती. जानेवारी २०२१ ची प्रवेश परीक्षा पुढे ढकलत ११ सप्टेंबरला झाली. मग प्रवेश न्यायालयात अडकले. डिसेंबरात देशभरचे निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. तेव्हा गाडीत, कचेरीत एकच बोलणे, 'आरक्षणामुळे अडलंय.' पण मुख्य पेच होता आर्थिक दुर्बल गटाच्या ८ लाख उत्पन्न मर्यादेचा. वर्षाला ८ लाख म्हणजे महिन्याला साडेसहासष्ट हजारांच्या वर. आमच्या चाळीत इतका दुर्बल माणूस शोधून सापडायचा नाही! ७ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींच्या २७ टक्क्यांसह प्रवेश मोकळे केले आणि १२ तारखेपासून प्रक्रिया सुरू झाली. परीक्षा, कोर्ट, प्रवेश ही सुशिक्षितांची भांडणे वाटतात. त्यांचा हिशेब मात्र मावशींच्या कामाच्या घरांत झाला.

जून २०२२ मध्ये पुन्हा तारीख मिळाली. थिएटरबाहेर एक तरुण डॉक्टरीण केसपेपर घेऊन आली. चार-पाच महिन्यांपूर्वीच लागलेली, वसतिगृहात राहणारी, डोळ्यांत झोप.

"मावशी, सकाळपासून काय घेतलंत?"

"काही नाही."

"खरं सांगा. रागावणार नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. "पाच वाजता कपभर चहा घेतला. दुधाचा."

ती खरेच रागावली नाही. भुलीत उलटी झाली तर पोटातले फुप्फुसात जाऊन जिवावर बेतते, दुधाच्या चहानंतर किमान सहा तास जावे लागतात, हे तिने खुर्ची ओढून समजावले. मिश्री लावता का, कवळी आहे का, बी.पी.ची गोळी कोणती, तेही विचारून लिहून घेतले. मग वरिष्ठांना विचारून आली.

मावशींचा नंबर शेवटी लावला. दुपारी तीनला त्यांना आत नेले.