‘ऑडिटला चालणार नाही’: ऑफिसच्या लॅपटॉपवर ओपन सोर्स टूल टाकायला खरंच बंदी असते का?

कोड लिहिण्यासाठी लागणारं एखादं ओपन सोर्स टूल इंटरनेटवर मोफत मिळतं आणि पाच मिनिटांत इन्स्टॉल होतं. पण बँकेत किंवा पेमेंट कंपनीत काम करत असाल तर त्याच टूलसाठी अर्ज, मंजुरी आणि वाट पाहणं आलंच. अनेकदा उत्तर मिळतं, ‘ऑडिटला चालणार नाही.’ यात तथ्य किती?

ऑडिटर नेमकं काय तपासतो?

एखादं टूल वापरायचं की नाही, हे सहसा ऑडिटर ठरवत नाही. तो निर्णय कंपनीचा असतो. कंपनीचे नियम पाळले जातात का आणि त्याची नोंद आहे का, हे ऑडिटर पाहतो.

आयएसओ २७००१ या मानकात सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्यावर नियंत्रण हवं, असं म्हटलंय. ओपन सोर्सवर बंदी नाही. कार्ड पेमेंटसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकानुसार, कंपनीने तयार केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या बाहेरच्या घटकांची यादी ठेवणं ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक आहे. सेबीच्या ऑगस्ट २०२४च्या सायबर सुरक्षा आराखड्यातही महत्त्वाच्या सॉफ्टवेअरसाठी अशी यादी मागितली आहे.

मग भीती कशाची?

डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉग४जे’ या जावा लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. तेव्हा कंपन्यांसमोर पहिला प्रश्न होता, आपण ही लायब्ररी कुठे-कुठे वापरतो? यादी नसेल तर उत्तरही नाही.

मार्च २०२४मध्ये लिनक्सवरच्या ‘एक्सझेड’ टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. आपल्याकडे नेमकी कोणती आवृत्ती आहे, हे माहीत असणं तेव्हा महत्त्वाचं ठरलं.

तिसरा मुद्दा लायसन्सचा. डॉकर डेस्कटॉप मोफत मिळत होतं. २०२१मध्ये कंपनीने अटी बदलल्या आणि २५०हून जास्त कर्मचारी किंवा एक कोटी डॉलरहून जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना पैसे भरणं भाग पडलं.

परवानगी कशी मिळवायची?

अर्जात पाच गोष्टी स्पष्ट लिहा:

- टूल कशासाठी हवं आहे?
- कोणती आवृत्ती, कोणत्या अधिकृत ठिकाणाहून घेणार?
- लायसन्स कोणतं आहे?
- टूल कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची माहिती बाहेर पाठवतं का?
- अपडेटची जबाबदारी कोणाची?

मंजूर टूल्सची यादी तयार झाली, की पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

सरसकट नकाराने काय होतं?

काम अडलेलं असतं, म्हणून टूल गुपचूप वापरलं जातं. कधी ऑफिसचा कोड खासगी लॅपटॉपवर जातो. त्याची नोंद कुठेच नसते आणि प्रकरण उघडकीस आलं तर कारवाई कर्मचाऱ्यावर होऊ शकते.

त्यामुळे ‘ऑडिटला चालणार नाही’ असं ऐकलं तर दोन प्रश्न विचारा: हा नियम कुठे लिहिला आहे? आणि मंजुरी कोण देतं? उत्तर मिळालं तर अर्ज कुठे करायचा ते कळेल. नाही मिळालं तर अडचण टूलची नाही, कंपनीकडे पद्धतच नसल्याची आहे.