रक्ताच्या नावावर खपवलेले पाप

शहापूरहून मुरबाडकडे निघाले की सापगावला भातसा नदीवरचा पूल लागतो. याच नदीच्या धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन वणवण फिरतात. या टापूत एखादा कातकरी ऐन चाळिशीत अर्धांगाने आडवा झाला, की चार शहाणे निकाल देऊन मोकळे होतात: "ह्यांच्या रक्तातच आहे ते." हा निकाल खोटा आहे, आणि तो देणारे आपण दोषी आहोत.

रक्तावर खापर फोडण्याची आपली खोड जुनी. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. कायदा इंग्रजांचा, पण त्याला माना डोलावल्या आपल्या गावगाड्याने. 1952 मध्ये कायदा गेला, वृत्ती राहिली. वंशशुद्धीच्या बळावर जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी 1936 मध्येच, लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात घेतला होता. तरी आपण तिथेच आहोत.

आनुवंशिकता खरी आहे. अशा अर्धांगामागे बहुधा उच्च रक्तदाब असतो, आणि आईबापांना तो असेल तर मुलांना धोका वाढतो. माणसामाणसांच्या रक्तदाबातला साधारण 30 ते 50 टक्के फरक आनुवंशिक मानला जातो. पण त्यामागे हजाराहून अधिक जनुकीय जागा आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींचा वाटा पाऱ्याच्या एका मिलिमीटरएवढाही नाही. त्यांवर कोण्या एका जमातीची मिरासदारी नाही. रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली पश्चिम आफ्रिकी मूळ असलेल्या लोकांचा अभ्यास मांडला. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत 16 टक्के, कॅरिबियन बेटांवर 26, तर अमेरिकेत 33 निघाले. केनियातले लुओ लोक गाव सोडून नैरोबीला गेले, तेव्हा काही महिन्यांतच त्यांचा रक्तदाब चढला. पूर्वज तेच होते. बदलले ते जगणे.

आता आपल्याकडचे जगणे पाहा. दिवाळी सरली की उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. ताटात भात, खारवलेली सुकट, मिरची आणि मीठ. भाजी, फळे परवडत नाहीत. अर्धपोटी आईच्या पोटी अडीच किलोहून कमी वजनाचे मूल जन्मते, आणि अशा मुलाला मोठेपणी रक्तदाबाचा धोका अधिक असतो. उपकेंद्रात मिळालेल्या महिनाभराच्या गोळ्या भट्टीवर संपतात. दुसरे पाकीट आणायला गावी जावे, तर दिवसाचा खाडा पडतो आणि अंगावरची उचल फिटत नाही. गोळी सुटते. पुढे एका सकाळी हातापायातले बळ जाते. यात रक्ताचा दोष किती आणि भट्टीचा किती, हे न विचारण्याची लाज आपल्याला का वाटत नाही?

नऊ राज्यांतल्या आदिवासींच्या पाहणीत चौथ्या हिश्शाहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. कोणी मोजलाच नव्हता, तर कळणार कसा?

कुळाचा टेंभा मिरवणारे तरी कुठे शहाणे आहेत? लग्न जमवताना गोत्र विचारतील, देवक विचारतील. आजोबा कशाने गेले ते विचारणार नाहीत. आशाताई दारी आली की "मला काय धाड भरलीय?" म्हणून तिला परत पाठवतील. आनुवंशिकतेचा खरा उपयोग एकच: घरात आजार असेल तर लवकर आणि नेमाने तपासून घेणे. तेवढेच आपण करीत नाही.

म्हणून मागणे साधे आहे. भट्टीमालकांनी आरोग्य पथकाला भट्टीवर येऊ द्यावे आणि तपासणीच्या दिवसाची मजुरी कापू नये. स्थलांतर करणाऱ्याला निघतानाच पुरेशा गोळ्या द्याव्यात, आणि संपल्यावर जवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात त्या हक्काने मिळाव्यात. ग्रामसभेने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवावी. रक्तदाब मोजायचा पट्टा आहे, स्वस्त गोळी आहे, विज्ञान आहे. भट्टीवरच्या त्या माणसाला आपला मानण्याची तयारी तेवढी नाही, आणि ती आपल्याला दुसरे कोणी आणून देणार नाही.