अनेक टेबलांवरचा पोकर: हा धंदा कोणाचा?

आपल्या समाजातील तरुण व्यापारी आणि कारागीर मोबाईलवर काय काय खेळतात, याची चर्चा चहाच्या हॉटेलात नेहमीच होते. बहुतेक वेळा ती रमी आणि क्रिकेटच्या सट्ट्यापाशी येऊन थांबते. परंतु गेल्या काही वर्षांत परभणीच्या बाजारपेठेत आणि आमच्या पेडगावसारख्या गावातही एक निराळा प्रकार येऊन पोहोचला आहे. तो म्हणजे ऑनलाइन पोकर, आणि तोही एका टेबलावर नव्हे, तर एकाच वेळी चार, सहा, आठ टेबलांवर. या प्रकाराला मल्टी-टेबलिंग असे नाव आहे. असे खेळणारे स्वतःला जुगारी समजत नाहीत, व्यापारी समजतात. म्हणूनच व्यापाराच्या या पानावर त्याचा हिशोब मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते.

जुगार हराम आहे, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. ते काम उलेमा करतात. परंतु हे तरुण म्हणतात की हा जुगारच नव्हे, हा हुनर आहे, हा धंदा आहे. जो माणूस आपल्या कामाला धंदा म्हणतो, त्याच्याशी रोजमेळ आणि खतावणीच्याच भाषेत बोलले पाहिजे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. पोकरमध्ये प्रत्येक खेळणाऱ्याला सर्वसाधारणपणे दोन पत्ते मिळतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी मध्ये उघडतात. आपले पत्ते बरे नसतील तर ते टाकून द्यायचे, बरे असतील तर पैसे लावायचे. शहाणा खेळाडू बहुतेक डाव टाकूनच देतो, त्यामुळे त्याचा पुष्कळ वेळ रिकामा जातो. समोरासमोर बसून खेळताना तासाला पंचवीस-तीस डाव होतात. कॉम्प्युटर पत्ते पिसत आणि वाटत असल्याने पडद्यावर तेच साठ-सत्तरवर जातात. तरीही मधला वेळ उरतोच, म्हणून दुसरे टेबल उघडायचे, मग तिसरे, मग सहावे. सहा टेबलांवर तासाला चारशेच्या वर डाव होतात. समोरासमोरच्या खेळात जे पंधरा दिवसांच्या बैठकीत व्हायचे, ते आता एका रात्रीत उरकते.

आमच्या ओळखीचा एक तरुण दुकानदार आम्हाला म्हणाला, "चाचा, तुम्ही आठवड्यात चार गावचे बाजार करता ना? मी सहा टेबलांवर बसतो. फरक काय?" सवाल हुशारीचा आहे आणि त्याला रागावून भागणार नाही. त्याचा जवाब दिला पाहिजे.

कापूस गेला, आकडा राहिला

ज्या खेळाने व्यापाराची भाषा उचलली आणि माल मात्र बाहेर ठेवला, असा हा पहिला खेळ नव्हे. आपल्या कापडवाल्यांना तर हे माहीत असायला हवे. मुंबईचा मटका कापसातूनच निघाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईला येत आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. पण सट्टा थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कापूस गेला, भाव गेला, फक्त आकडा राहिला. 'ओपन' आणि 'क्लोज' हे बाजाराचे शब्द मात्र तसेच राहिले. मुंबईच्या गिरणगावात किती कामगारांचा पगार त्या दोन शब्दांत गेला, त्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

आमच्या भागात मानवत आणि सेलूच्या बाजारात आजही कापूस येतो. शेतकरी विकतो, जिनिंगवाला घेतो, सूत निघते, कापड होते आणि ते आमच्या दुकानात येते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी मेहनत करतो आणि प्रत्येकाला काही ना काही सुटते. मटक्याच्या आकड्यातून एक सदराही तयार झाला नाही. पोकरवाले आज भांडवल, उलाढाल, परतावा हे शब्द वापरतात, तेव्हा आम्हाला मटक्याच्या ओपन-क्लोजची आठवण होते.

नाल कोणाच्या खिशात?

आता हिशोब करू. जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढतो, त्याला नाल म्हणतात. ऑनलाइन पोकरमध्येही नाल आहे, फक्त तिचे नाव रेक आहे. डावातील जमा रकमेच्या साधारण पाच टक्के, काही मर्यादेपर्यंत, असा तिचा दर पुष्कळ ठिकाणी असतो.

समजा, एका टेबलावर सहा जण प्रत्येकी २,००० रुपये घेऊन बसले. टेबलावर एकूण १२,००० रुपये आले. तासात पन्नास डावांवर नाल लागली, दर डावात सरासरी २०० रुपये जमले आणि पाच टक्क्यांप्रमाणे १० रुपये नाल गेली. म्हणजे तासाला ५०० रुपये. कोणी जिंको वा हारो, चोवीस तासांत टेबलावरचे सगळे १२,००० रुपये अड्डेवाल्याकडे गेलेले असतील.

यात एका खेळाडूच्या वाट्याला तासाला सुमारे ८३ रुपये नाल येते. तोच माणूस सहा टेबलांवर बसला की त्याचा वाटा तासाला ५०० रुपये होतो. रोज चार तास बसला तर दिवसाला २,००० आणि महिन्यात पंचवीस दिवस बसला तर ५०,००० रुपये. दुसऱ्यांच्या खिशातून महिन्याला ५०,००० रुपये जिंकले, तर हा माणूस जिथे होता तिथेच राहतो. त्याच्यापुढे जे जिंकेल तो त्याचा नफा. गावातील कोणत्या कपड्याच्या दुकानाला एवढे भाडे परवडते, ते वाचकांनीच सांगावे.

जास्त डाव, कमी नशीब

यावर खेळणारे म्हणतात की जास्त टेबले खेळल्याने नशिबाचा खेळ कमी होतो आणि हुनर वर येते. ही गोष्ट अर्धी खरी आहे आणि म्हणूनच धोक्याची आहे. डाव जितके जास्त, तितका नशिबाचा चढउतार सपाट होतो, हे गणिताने बरोबर आहे. पण तो सपाट होऊन मागे काय उरते? ज्याचे हुनर नाल भरूनही पुरून उरते, त्याचा नफा पक्का होतो. बाकी सर्वांचे नुकसान पक्के होते. एका टेबलावर बसणारा कमजोर खेळाडू कधी नशिबाने चार पैसे घेऊन उठू शकतो. सहा टेबलांवर बसणारा कमजोर खेळाडू ती संधीही गमावतो. शिवाय सहा ठिकाणी लक्ष वाटल्याने हुनरही वाटले जाते. समोरचा कसा खेळतो आहे, हे पाहायला वेळच राहत नाही.

दुनियेतील सर्वात तरबेज खेळाडूचे उदाहरण घ्या. अमेरिकेचा रँडी ल्यू या व्यावसायिक खेळाडूने जानेवारी २०१२ मध्ये बहामास बेटांवर आठ तासांत २३,४९३ डाव खेळून गिनीज विक्रम केला. अनेक टेबले एकाच वेळी उघडी होती आणि मिनिटाला सुमारे ४९ डाव होत होते. शेवटी त्याला नफा झाला, पण तो साडेसात डॉलरच्या आसपास. त्या वेळच्या भावाने चारशे रुपयेही नाहीत. त्या विक्रमात पैसे छोटे लावलेले होते हे खरे, आणि एका दिवसावरून कोणाची कमाई ठरत नाही हेही खरे. तरीही एवढ्या मोठ्या कारागिराने आठ तास डोळ्यांची पापणी न हलवता काम केले आणि हाती एवढे आले, ही गोष्ट आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावी.

शिंपी किंवा हातमागवाला म्हणेल की आम्हीही नगावर काम करतो. जास्त नग, जास्त मजुरी. पण सदऱ्याची शिलाई आधी ठरलेली असते. डावाची मजुरी कोणी ठरवून देत नाही. कंपन्या नालेतील काही भाग परत देत असत आणि पुष्कळ लोक केवळ तेवढ्यासाठी दिवसभर टेबले भरून बसत. पोकरस्टार्स या परदेशी कंपनीने फार जास्त खेळणाऱ्यांना 'सुपरनोव्हा एलिट' हा दर्जा ठेवला होता. २०१६ पासून तिने या सवलती कापल्या. खेळाडूंनी बहिष्कार टाकून पाहिला, पण उपयोग झाला नाही. ज्याचा नफा दुसऱ्याच्या बक्षिसावर चालतो, तो व्यापारी नव्हे.

आणि समोर माणूसच बसला आहे, याची तरी काय खात्री? २०१९ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने फेसबुकबरोबर बनवलेल्या 'प्लुरिबस' या प्रोग्रॅमने सहा जणांच्या पोकरमध्ये नामांकित खेळाडूंना हरवून दाखवले. मशिनला झोप नाही, राग नाही. तिला साठ टेबले दिली तरी ती थकत नाही.

कायदा आणि आपले बँक खाते

हुनर की नशीब, हा वाद कोर्टातही पुष्कळ झाला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः हुनराचा खेळ म्हटले. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगार ठरवले. शेवटी संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि त्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. हुनर असो वा नशीब, पैसे लावून ऑनलाइन खेळवण्याला या कायद्याने मनाई केली. त्या वेळी सरकारी सूत्रांनी सांगितलेला अंदाज असा होता की देशातील सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये घालवतात. कायदा होताच पोकरबाझी, अड्डा५२ अशा नावाजलेल्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाकडे गेल्या.

मात्र खेळ संपला असे कोणी समजू नये. परदेशातून चालणाऱ्या साइट, एजंट आणि मोबाईलवर येणाऱ्या लिंक यांचा रस्ता उघडाच आहे. तिथे जिंकलेले पैसे बुडाले तर तक्रार कोणाकडे करणार?

व्यापाऱ्यांसाठी सर्वात मोठी खबरदारीची गोष्ट पुढेच आहे. कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. परंतु खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अशा खेळाच्या पैशांचा व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. हे एजंट छोट्या दुकानदाराकडे येऊन म्हणतात, "तुमच्या करंट खात्यावर रक्कम घ्या, आमच्याकडे फिरवा, शेकड्यामागे कमिशन घ्या." एकदा त्या साखळीत फसवणुकीचा पैसा आला आणि कोणी १९३० या नंबरवर तक्रार केली, की पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खात्यातील रक्कम अडकते. मग सुरत-भिवंडीच्या पार्टीचा चेक परत जातो, लग्नसराईचा माल अडतो आणि वीस वर्षांची पत एका आठवड्यात संपते. कमिशन मिळाले पाचशेचे आणि अडकले पाच लाख, असा हा सौदा आहे.

त्या सवालाचा जवाब

आता त्या तरुणाचा सवाल. चार गावचे बाजार आणि सहा टेबले यांत फरक काय?

आम्ही चौथ्या गावी पाल टाकतो तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाला अस्तर, लुंगी, शाळेच्या गणवेशाचे कापड मिळते. तो पैसे देतो आणि माल घेऊन जातो. दोघेही राजी असतात, म्हणून पुढच्या आठवड्यात तो परत येतो. एका गावी पाऊस झाला तर दुसरे गाव सांभाळून घेते. न विकलेला तागा संध्याकाळी घरी परत येतो. सहाव्या टेबलावर नवे गिऱ्हाईक नसते. तिथे आणखी पाच जण बसलेले असतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे पैसे हवे असतात. हरलेला डाव घरी परत येत नाही. सहा टेबलांना सहा दुकाने म्हणणे चुकीचे आहे. ती एकाच गल्ल्याला पाडलेली सहा भोके आहेत.

आमची तरुण बांधवांना विनंती आहे की त्यांनी एक महिना कागदावर रोजमेळ लिहावा: तारीख, किती तास, किती भरले, किती काढले. जिंकलेला दिवस सर्वांना आठवतो. हरलेला दिवस कागदच आठवण करून देतो. बेरीज तोट्याची आली तर त्याच दिवशी उठावे. हरलेले भरून काढण्यासाठी सातवे टेबल उघडू नये. कर्ज झाले असेल तर सावकाराच्या आधी ते घरात सांगावे. वडीलधाऱ्यांनीही अशा वेळी चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नये. दुकानाचे खाते आणि मोबाईलमधले खाते वेगळे ठेवावे, आणि दुकानाचा क्यूआर कोड कोणाच्या हाती देऊ नये.

ज्या पोराला सहा टेबलांवरचे आकडे एकाच वेळी डोक्यात ठेवता येतात, त्याला दुकानातील माल, उधारी आणि बाजारभाव ठेवणे जड जाणार नाही. ही अक्कल आपल्या घरात आहे. तिला दुकानात काम द्यावे, हिशोब द्यावा आणि नफ्यात हिस्सा द्यावा, म्हणजे तिला रात्री मोबाईलमध्ये काम शोधावे लागणार नाही. आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी या गोष्टीचा जरूर विचार करावा.