लायब्ररी सापडत नाही, म्हणून शिकणे थांबवू नका



मालवण, कुडाळ, देवगडकडच्या आपल्या वाड्यांतून काही मुले-मुली आता संगणकाचे प्रोग्राम लिहायला शिकत आहेत. कोणी जुना संगणक घेतला आहे, कोणी हप्त्यावर. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कित्येक जण पहिला प्रोग्राम लिहिण्याआधीच थांबतात. लागणारी साधने संगणकावर बसवताना पडद्यावर इंग्रजी ओळ येते : अमुक लायब्ररी सापडत नाही. मुलगा हिरमुसतो आणि घरातले समजूत घालतात, "जावंदे झिला, ह्या आपल्याक जमूचा नाय." पिढ्यानपिढ्या ऐकवले गेलेले हे वाक्य निदान या कारणासाठी तरी आपल्या घरात उच्चारले जाऊ नये, म्हणून आजचा हा लेख.

लायब्ररी म्हटली की आपल्याला ग्रंथांसाठी बांधलेले बाबासाहेबांचे राजगृह आठवते. संगणकातील लायब्ररीचा हेतूही तोच : दुसऱ्याने कष्टाने लिहून ठेवलेले ज्ञान आपल्या कामी यावे. तारखा मोजणे, चित्र दाखवणे, संदेश कुलूपबंद करणे अशा कामांच्या तयार सूचनांचा तो संच असतो. प्रत्येक प्रोग्राम असे अनेक संच उसने घेतो. एक जागेवर नसला की गाडी अडते. यात मुलाच्या बुद्धीचा काही दोष नाही.

कारणावाचून कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण इथे जशीच्या तशी लागू पडते. कारणे बहुधा चारच असतात.

पहिले, संच बसवलेलाच नसतो. दुसरे, संच असतो पण संगणकाला ठाऊक नसतो. कचेरीत फाईल कपाटात असते, पण नोंदवहीत तिची नोंद नसेल तर ती हरवल्यातच जमा. लिनक्समध्ये ही नोंदवही ताजी करण्याची आज्ञा ‘एलडीकॉन्फिग’ आणि कोणता संच सापडत नाही हे दाखवणारी ‘एलडीडी’. तिसरे, आवृत्ती जुळत नाही. होडीच्या इंजिनाचा भाग आणताना आपण मॉडेलचा नंबर घेऊन जातो, तसेच इथेही पाहावे. ३२ बिटच्या प्रोग्रामला ६४ बिटचा संच चालत नाही. चौथे, वापरण्यापुरता संच असतो, पण प्रोग्राम बांधण्यासाठी लागणारा भाग नसतो. उबुंटू व डेबियनमध्ये तो वेगळा मिळतो आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असते.

पायथन शिकणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. एकाच संगणकावर दोन पायथन असतात आणि संच भलत्याच पायथनमध्ये जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक कामासाठी ‘व्हेन्व्ह’ने वेगळी खोली करावी.

आता उपाय. चुकांची लांब यादी आली तर वरची, पहिली चूक आधी वाचावी. खालच्या पुष्कळशा तिच्यातूनच निघालेल्या असतात. संचाचे नाव अक्षर न् अक्षर वहीत उतरावे. मग तो अधिकृत भांडारातूनच घ्यावा. विंडोजवर ‘व्हीसीरनटाइम १४०’ ही डीएलएल नाही असे आले, तर मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ घ्यावे. कुठल्या तरी अनोळखी जागेवरून सुटी डीएलएल उतरवू नये. तिच्यासोबत व्हायरस घरात येऊ शकतो.

ही अडचण फक्त गरिबाच्या जुन्या संगणकावर येते असेही नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा संच त्याच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला आणि जगभरच्या नामांकित प्रोग्रामरांची कामे अडली. तो परत ठेवला तेव्हाच ती सुरू झाली. त्या दिवशी त्यांच्याही पडद्यावर ‘सापडत नाही’ हीच तक्रार होती.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांसाठी पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प चालवला आहे. त्यात लिनक्स, सी, पायथन यांचे छोटे धडे मराठीतूनही विनामूल्य मिळतात. लिनक्समध्ये संच कसे बसवावेत, याचाही धडा त्यात आहे.

माता-पित्यांना विनंती, की मूल अडले तर रागावू नका आणि समजूतही घालू नका. "कुठचा नाव लिवन इला, वाच बघू," एवढेच विचारा. तरुण मंडळांनी विहारात एक वही ठेवावी : कोणती चूक आली, कारण काय निघाले, उपाय कोणता चालला. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ती वाचावी. एकाचे दोन दिवस गेले, तर दुसऱ्याचा अर्धा तासच जाईल. हीसुद्धा एक लायब्ररीच, आणि ती आपल्या हाताने उभी राहील.

नमो बुद्धाय. जयभीम.