आपण की आम्ही?

परवा मामांशी फोनवर चांगलंच वाजलं. विषय काय, तर बायबलची भाषांतरं! मामांचं म्हणणं, "चार टाळकी बोलतात त्या बेटावरच्या भाषेत अख्खं बायबल? भोळ्या लोकांच्या गळ्यात मारलंय मिशनऱ्यांनी, दुसरं काय!" मला नेहमीप्रमाणे ऐनवेळी काही सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मामा, माझी हरकत त्या 'भोळ्या' शब्दालाच आहे.

वानुआतूच्या दक्षिण टोकाला अनेत्युम नावाचं बेट आहे. १८४८ मध्ये नोव्हा स्कोशियाहून जॉन गेडी तिथे गेला, मागून जॉन इंग्लिस. १८६३ मध्ये नवा करार छापून झाला आणि १८७९ मध्ये संपूर्ण बायबल. छपाईचे पैसे कुणी दिले? बेटावरच्या लोकांनी! आरारूट (आपल्याकडे तवकील म्हणतात तसलं पीठ) तयार करून, बाहेर विकायला पाठवून. आणि कधी? १८६१ मध्ये जहाजांतून आलेल्या गोवरानं बेटावरची जवळपास एक तृतीयांश माणसं मेली, त्याच्या आगेमागे. घरातली माणसं पुरून आलेले लोक वर्षानुवर्षं पीठ करत राहतात, ते कुणी गळ्यात मारलं म्हणून?

आता दुसरी बाजू. "मिशनऱ्यांनी भाषा वाचवली" म्हणणाऱ्यांवरही माझा तेवढाच राग आहे. जुने नाच, जुने विधी बंद पाडणारेही हेच. शिवाय हे भाषांतर एकट्या परक्याला जमणारच नव्हतं. वादळात होडी बुडायला लागते आणि शिष्य झोपलेल्या येशूला उठवतात, तो प्रसंग घ्या. बुडतंय कोण? 'आम्ही' की 'आपण'? येशू धरून की वगळून? इंग्रजीला हा प्रश्न पडतच नाही, मराठीला पडतो. अनेत्युमच्या भाषेला तर त्यापुढे आणखी विचारायचं असतं: दोघं, तिघं की बरेच? पानोपानी असले प्रश्न. त्यांची उत्तरं आईच्या मांडीवर ती भाषा शिकलेल्या माणसालाच विचारावी लागतात. ती विचारली गेली, उत्तरं मिळाली, पण इतिहासात नावं राहिली गेडी आणि इंग्लिसची.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. त्या आपल्या म्हणून निदान आपल्याला त्यांचं नाव तरी ठाऊक आहे. अनेत्युमच्या 'रमाबाई' कोण होत्या?

माझं म्हणणं एवढंच. त्या ग्रंथावर तुमची श्रद्धा नसेल, माझीही नाही. पण त्या बेटकऱ्यांना 'फसलेले' म्हटलं काय आणि 'वाचवलेले' म्हटलं काय, दोन्हीकडे ते नुसते बसून राहिलेले दिसतात. प्रत्यक्षात त्यांनी शब्द दिले, पैसेही दिले. आज ती भाषा बोलणारे हजाराच्या आसपास आहेत.

असो. मामा, उरलेलं भांडण दिवाळीत.