मोर्चा संपतो, फाईल चालूच असते

उच्च शिक्षणात सर्वांना न्याय्य प्रवेश मिळावा म्हणून मी धोरणाच्या पातळीवर काम करतो, असं नाशिकमध्ये सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘ते ठीक, पण नोकरी कुठं करता?’ डॉक्टर, इंजिनिअर, नगरसेवक ही कामं आपल्याला कळतात. शासन निर्णय वाचणं, आकडे जमवणं, विधेयकाचा मसुदा तपासणं हे मात्र काम वाटत नाही. ही समजूत समाजाला महाग पडली आहे.

2014चंच घ्या. जुलैमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांतील 50 मागास घटकांना 5 टक्के आरक्षण दिलं. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षण रोखलं, पण सरकारी शिक्षणसंस्थांतील प्रवेशाचं आरक्षण रोखलं नाही. दरम्यान सरकार बदललं होतं. डिसेंबरच्या अधिवेशनात मराठा आरक्षणाचा कायदा झाला, मुस्लिमांचा अध्यादेश मात्र मुदत संपून विरला. न्यायालयाने जे ठेवलं होतं, ते विधिमंडळाने जाऊ दिलं.

धर्माच्या नावावर आरक्षण नको, असं सांगितलं जातं. मान्य. पण आधार मागासलेपणाचा होता. सच्चर समितीचा 2006चा आणि राज्यानेच नेमलेल्या महमूदुर्रहमान समितीचा 2013चा अहवाल त्यामागे होता. 2011च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिम 14.2 टक्के आहेत. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2020-21मध्ये त्यांचा वाटा 4.6 टक्के होता, आदल्या वर्षीच्या 5.5 टक्क्यांहूनही कमी. पुढे 2022मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. राज्यकर्त्यांनी या आकड्यांना उत्तर द्यावं, धर्माआड लपू नये.

प्रश्न आपल्यालाही आहे. आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, फोटो छापून येतो. दुसऱ्या दिवशी त्या निवेदनाची फाईल कोणत्या टेबलावर आहे, हे कोण पाहतं? मोर्चा हवाच. पण फाईलमागे रोज धावायला पगारी, प्रशिक्षित माणूस लागतो. फावल्या वेळेतल्या समाजसेवेने ते होत नाही.

शाहू महाराजांनी 1902मध्ये नोकऱ्यांतील 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि 1906मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग काढलं. हुकूमही काढला, छतही दिलं. आपण त्यातलं अर्धंच घेतलं. वह्या-पुस्तकं वाटतो, गुणवंतांचे सत्कार करतो, पण हुकूम बदलण्यासाठी खर्च करत नाही. शिष्यवृत्ती एका मुलीची फी भरते. नियम बदलला, तर मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला आणि जमातीला माझं सांगणं आहे : यंदा एक सत्कार समारंभ कमी करा. त्या पैशातून कायदा किंवा संख्याशास्त्र शिकलेल्या एका मुलाला वा मुलीला या कामासाठी रीतसर पगारावर नेमा. आणि कुणी विचारलं की ती काय करते, तर सांगा, नोकरी करते.